माहेरी अधिक, सासरी उणे

माझे वडील, अण्णा, शिकवत असताना शेजारची पिठाची गिरणी बंद पडली, तर त्यांचा आवाज पार बाजारतळापर्यंत ऐकू जायचा. जवळा बाजारला आमचं घर गिरणीच्या भिंतीला भिंत लावून होतं. पुढच्या खोलीत सकाळी शाळेआधी दहावीची मुलं दाटीवाटीने बसायची, मागे आई भाकरी थापायची, आणि गिरणीचा पट्टा फिरायला लागला की अण्णा आपसूक आवाज चढवायचे. मग मधेच वीज जायची, पट्टा थांबायचा आणि त्यांचा चढलेला आवाज एकटाच उघडा पडायचा. ते दचकून थांबायचे, स्वतःशीच हसायचे आणि हळू आवाजात पुढे चालू करायचे. मी आईशेजारी बसून लसूण सोलताना हे सगळं ऐकायची. त्यामुळे बीजगणित मी डोळ्यांनी शिकायच्या आधी कानांनी शिकले, आणि आजही कुणाच्या घरी येसरच्या आमटीला फोडणी बसली की मला समीकरणं आठवतात.

गावात ते पाठक सर होते. गावच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायचे, पण त्यांचं नाव होतं ते सूत्र फिरवण्याबद्दल. पुस्तकात सूत्र एकाच तोंडाने दिलेलं असतं. v = u + at, म्हणजे सुरुवातीचा वेग, त्वरण आणि वेळ कळले की शेवटचा वेग काढा. परीक्षेत मात्र नेमका वेळ विचारतात आणि पोरं तिथेच गडबडतात. अण्णा म्हणायचे, सूत्र पाठ करणाऱ्याला एकच प्रश्न सुटतो, फिरवता येणाऱ्याला चार सुटतात. त्यांचं बोलणं ठरलेलं असे. "कोण पाहिजे आपल्याला? t पाहिजे. मग t ला एकट्याला एका बाजूला उभं करायचं आणि बाकीच्यांना एकेक करून उंबऱ्यापलीकडं पाठवायचं. हे बराबरचं चिन्ह म्हणजे उंबरा. उंबरा ओलांडला की स्वभाव उलटा होतो. माहेरी अधिक, सासरी उणे. माहेरी गुणत होती, सासरी भागायला लागली." मुली खाली माना घालून हसायच्या, मुलं मोठ्याने हसायची, आणि तेवढ्यात फळ्यावर u पलीकडे जाऊन v − u झालेलं असायचं, a पलीकडे जाऊन रेघेखाली बसलेला असायचा, आणि t एकटा उरलेला असायचा. हा विनोद मी किती वर्षं ऐकला ते सांगता येणार नाही. त्याचा कंटाळा आल्याचं आठवत नाही.

मी दहावीत गेले त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. अण्णा तेव्हा पन्नाशीच्याही अलीकडे होते, केस काळे होते, सायकलवर ताठ बसायचे. माझ्या बाकावर कविता राठोड बसायची. ती गावाबाहेरच्या तांड्यावरून चालत यायची, पायात धुळीचे मोजे घातल्यासारखी. घरी लमाणी बोलायची, वर्गात आमच्यासारखंच मराठी, आणि गणितात आम्हा सगळ्यांपेक्षा पुढे होती. त्या दिवशी अण्णांनी नेहमीचं सूत्र घेतलं, नेहमीचा विनोद केला, मुली हसल्या, आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं: v + u = at.

"सर, u चं चिन्ह बदललं न्हाई," कविता बसल्या जागेवरून म्हणाली.

अण्णा फळ्याकडे बघत राहिले. मग वळून म्हणाले, "बदलायचं असतंय का?"

वर्ग हसला. सगळ्यांना वाटलं, सर परीक्षा घेतायत. अण्णांनीही ते ओळखलं असावं, कारण लगेच म्हणाले, "शाबास. मी बघत होतो कोण झोपलंय ते." त्यांनी चिन्ह दुरुस्त केलं. पण मी त्यांच्या मानेकडे बघत होते. ते खोटं बोलले की त्यांची मान लाल व्हायची, आणि ती लाल झाली होती.

घरात मग एकेक गोष्ट दिसायला लागली. आधीही घडत असणार, पण आम्ही मोजलेली नव्हती. जेवून हात धुतला की ते स्वयंपाकघरात येऊन विचारायचे, "आज जेवायला उशीर का?" आई एकदा म्हणाली, "अहो, आत्ताच तर जेवलात." त्यावर ते इतके ओशाळले की पुढच्या वेळेपासून आई गुपचूप अर्धी भाकरी आणि लसूण-तिखटाचा भुरका ताटात वाढून द्यायला लागली. ते खायचे. पोट भरलेला माणूस लाजेखातर जेवतो, तसं जेवायचे. पाणी तापवायला ठेवलेलं विसरायचे, सायकल शाळेत ठेवून पायी घरी यायचे. आई औंढ्याच्या देवळाच्या पुजाऱ्यांची लेक. बाहेरच्यांसमोर घरातलं काही उघडं करायचं नाही हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. तिने मला मागच्या दारी नेऊन बजावलं, "कोणाला काई बोलायचं न्हाई. दवाखान्यात नेलं की कागद होतो. कागद झाला की शाळेत कळतं."

एका रविवारी दुपारी अण्णांनी मला पुढच्या खोलीत हाक मारली. गिरणी चालू होती. फळ्यावर वरपासून खालपर्यंत तेच एक सूत्र लिहिलेलं होतं, काही ओळी बरोबर, काही चुकीच्या, आणि कुठल्या कोणत्या हे त्यांना कळत नसावं.

"स्वाती, इकडं ये. u पलीकडं जाताना उणे होतो, हे मला पाठ आहे," ते म्हणाले. "पण का होतो, ते सकाळपासून सापडून नाही राहिलं."

मला हसू येईल अशी भीती वाटली. मग रडू येईल अशी वाटली. मी म्हणाले, "अण्णा, u कुठं जात नाही. आपण दोन्ही बाजूंतून u वजा करतो. इकडून काढला म्हणून तिकडूनही काढायचा. दोन्हीकडं सारखं राहावं म्हणून."

"व्हय," ते म्हणाले. "सारखं राहावं म्हणून." थोडा वेळ ते गिरणीचा आवाज ऐकत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे मला उद्या पुन्हा सांगशील का? आणि वर्गात माझं चुकलं तर बोलू नकोस. आपली वेणी हातात धर. मी बघत राहीन तुझ्याकडं."

त्यांना कळत होतं, हे मला त्या दुपारी कळलं. आपल्या आत काय चाललंय हे त्यांना आमच्या कितीतरी आधी कळलं होतं, आणि ते एकट्याने त्याच्याशी झुंजत होते. फळ्यावरच्या त्या ओळी म्हणजे त्यांनी स्वतःची घेतलेली परीक्षा होती.

तेव्हाच्या त्यांच्या वयाला पोचायला आता मला फार वर्षं उरलेली नाहीत. हा आजार रक्तातून येतो का, असं मी एका डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, कधी येतो, कधी नाही. रोज सकाळी दात घासताना मी मनातल्या मनात ते सूत्र फिरवून बघते. t काढते, मग a काढते, मग u काढते. नवऱ्याला हे सांगितलेलं नाही. मी आरशात कुठे बघत असते, असं तो कधीतरी विचारतो.

वेणीची खूण महिनाभर तरी नीट चालली. त्यांचं चुकलं की मी वेणी पुढे घेऊन धरायची. ते थांबायचे, फळा पुसायचे, "पुन्हा करू" म्हणायचे. कविता शेजारी बसून हे बघत होती. तिला कळलं होतं, पण तिने विचारलं नाही. मग एक दिवस त्यांनी a ला भागायच्या ऐवजी गुणायला लावलं. मी वेणी धरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, छान हसले आणि पुढे लिहीत गेले. मी वेणी सोडली, पुन्हा धरली, ओढली. त्यांनी पुन्हा पाहिलं. खूण कशाची आहे हेच ते विसरले होते. वर्गात एक मुलगी आपल्या केसांशी खेळतेय, एवढंच त्यांना दिसत होतं. त्या तासाला आम्ही सगळ्यांनी चुकीचं उत्तर वहीत उतरवून घेतलं.

पुढे पुढे मुलं उतरवून घेईनाशी झाली. कुणी त्यांची चेष्टा केली नाही, हे मला आवर्जून लिहायचं आहे. आमच्या वर्गातल्या पोरांच्या थोरल्या भावाबहिणींना त्यांनी शिकवलं होतं, काहींच्या आईबापांनाही. मुलं गप्प बसायची आणि तास संपायची वाट बघायची. पण सराव परीक्षेत निम्मा वर्ग गणितात नापास झाला, पालक शाळेत गेले, आणि संस्थेचे सचिव तास बघायला येणार असं ठरलं. मुख्याध्यापक भले होते. त्यांनी आदल्या दिवशी घरी येऊन आईला सांगितलं, "वहिनी, एक तास निभावला की झालं. सरांना जे येतं तेच घेऊ द्या."

तेव्हाच कधीतरी शाळेच्या नळावर कविता मला म्हणाली होती, "माझा बाप म्हणून राहिला, गणितात पास झाली तर अकरावीला हिंगोलीला धाडतो. न्हाई तर घरी बस. पोरगा बघून ठेवलाय त्यानं." ती तक्रारीच्या सुरात बोलली नव्हती. उद्या ऊन पडेल म्हणावं, तसं म्हणाली होती. मी तिला म्हणाले, "तू तर पास होशीलच." ती म्हणाली, "भूमिती राहिली ना अख्खी. ती काय तांड्यावर शिकू?"

सचिव यायच्या आदल्या संध्याकाळी आईने कविताला घरी बोलावलं. तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "उद्या सांभाळून घ्या गं बाई सरांना." कविताने गूळ तोंडात टाकला आणि मान हलवली.

अण्णांना आम्ही सकाळपासून तयार केलं. v = u + at, फक्त तेवढंच, पुन्हा पुन्हा. त्यांना ते स्वच्छ येत होतं. आईने त्यांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, बटणं लावून दिली. वर्गात सचिव आणि मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसले. अण्णा आत आले, सगळ्यांकडे नजर फिरवली, आणि मी गेल्या वर्षभरात ऐकलं नव्हतं इतकं सुंदर त्यांनी शिकवलं. आवाज भरलेला, अक्षर मोत्यासारखं. कोण पाहिजे आपल्याला? t पाहिजे. माहेरी अधिक, सासरी उणे. सचिवसुद्धा हसले. u पलीकडे गेला, चिन्ह बदललं. a पलीकडे गेला, खाली बसला. t एकटा उरला. एक चूक नाही. मुख्याध्यापकांनी रुमालाने कपाळ पुसलं. सचिव उठायला लागले.

अण्णांनी फळा पुसला, वर्गाकडे वळले आणि म्हणाले, "आता आपण एक नवीन सूत्र घेऊ." त्यांनी लिहिलं, v = u + at. "कोण पाहिजे आपल्याला?"

मग सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "t पाहिजे, सर." कुणी कुणाला खुणावलं नव्हतं. त्या पोरांनी आपणहून ते केलं. विनोद आला तेव्हा मुली खाली माना घालून हसल्या, मुलं मोठ्याने हसली. सचिव अर्धवट उठलेले पुन्हा बसले. मी वेणी हातात धरली होती, ती का धरली होती कोण जाणे. t एकटा उरला, अण्णांनी फळा पुसला, हात झटकले.

"आता आपण एक नवीन सूत्र घेऊ."

वर्गाने पुन्हा उत्तर दिलं, पण आवाज पडला होता. मागून एका मुलाचा हुंदका ऐकू आला. विनोदापाशी कुणाला हसता आलं नाही. वर्ग हसेल म्हणून अण्णा थांबले होते, तसेच थांबून राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच अडकलं, आणि ते एकेका चेहऱ्याकडे बघायला लागले, कुणीतरी आपल्याला काहीतरी सांगेल अशा आशेने.

कविता उठून उभी राहिली.

"सर, हे झालं," ती म्हणाली. "हे आमाला येतं. दोन वेळा झालं आज. आमाला आता दुसरं शिकवा. आमची परीक्षा हाये, सर."

अण्णांनी फळ्याकडे पाहिलं. मग मागच्या बाकाकडे बघून, जणू तिथे कुणी न्यायनिवाडा करणारा बसलाय अशा नम्रपणे म्हणाले, "ही पोरगी म्हणते, झालं."

मी उठून त्यांच्याजवळ गेले. "अण्णा, चला," म्हणाले.

"वर्गात सर म्हणायचं," ते हळूच पुटपुटले, आणि माझ्यामागे चालायला लागले.

त्यांना रजेवर पाठवलं. मग नांदेडला नेलं, डोक्याचे फोटो काढले, कागद झाला. डॉक्टर आईला म्हणाले, मेंदू आतून वाळत चाललाय, इतक्या लहान वयात क्वचित होतं, औषधाने फार तर सावकाश होईल. परतीच्या एसटीत अण्णा खिडकीशी बसून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. आई पदर तोंडाला लावून बसली होती. शाळेत दुसऱ्या गावाहून एक शिक्षक आले आणि उरलेल्या दिवसांत त्यांनी भूमिती घाईघाईने उरकली. मी बाक बदलला. कविताशी बोलणं टाकलं. ती दोनदा मला हाक मारून थांबली, मी गेले नाही. मला वाटायचं, तिला आणखी थोडा वेळ बसून राहता आलं असतं. मी हे आईला बोलून दाखवलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. "तिनं म्हणलं नसतं तर कोण म्हणणार होतं?" ती म्हणाली. "मी?"

परीक्षा झाली. उन्हाळ्यात गिरणी दिवसाचे बरेच तास बंदच असायची, वीज नसायची. अण्णा सकाळी अंघोळ करून शाळेचे कपडे घालायचे आणि दाराशी येऊन उभे राहायचे. आई बाहेरून कडी लावायची. पहिल्यांदा लावली त्या दिवशी ती कितीतरी वेळ दाराबाहेर कडीवर हात ठेवून उभी होती, आणि आतून अण्णा शांतपणे म्हणत होते, "अहो, तास सुरू होईल."

अशाच एका बाजारच्या दिवशी कविता आली. तिची आई भाजीची पाटी घेऊन बाजारात बसली होती. कविता दारात उभी राहून आईला म्हणाली, "सरांना भेटू का?" मी स्वयंपाकघरातून उठले नाही. अण्णांनी तिला ओळखलं की नाही, सांगता येत नाही, पण समोर एक मुलगी मांडी घालून बसलीय हे त्यांना पुरे होतं. ते फळ्याशी गेले. "कोण पाहिजे आपल्याला?" मी भिंतीपलीकडून ऐकत होते. कविता म्हणाली, "t पाहिजे, सर." सूत्र संपलं, फळा पुसला गेला, पुन्हा सुरू झालं. ती उन्हं उतरेपर्यंत बसली. दर वेळी उत्तर दिलं, दर वेळी हसली. पुढच्या बाजाराला पुन्हा आली, आणि त्याच्या पुढच्याही. शाळेत तिने जे थांबवलं होतं, ते आता ती घरी बसून ऐकत होती. इथे तिचं काही बुडत नव्हतं, आणि त्यांना हवा तेवढा वेळ ती देऊ शकत होती. हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी तिला पाणीसुद्धा आईच्या हातून पाठवत होते.

तिचं लग्न निकालाची वाट न बघता ठरलं. मुलाकडच्यांना घाई होती, बापाने शब्द फिरवला. पुढे निकाल लागला तेव्हा ती सासरी होती, आणि गणितात शाळेत पहिली तीच आली. हे तिला कुणी कळवलं की नाही, मला आजतागायत माहीत नाही.

लग्नाआधीच्या शेवटच्या बाजारच्या दिवशी ती हळद लागलेल्या हातांनी आली. त्या दिवशी मी पहिल्यांदा पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं, थोडं सरकून जागा केली. मी बसले. अण्णा फळ्याशी उभे होते. त्यांनी v लिहिला, त्यापुढे बराबरचं चिन्ह काढलं, आणि हात तिथेच थांबला. आम्ही वाट बघितली. कविता हलकेच म्हणाली, "u, सर. u अधिक." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या खडूकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तो तोंडात घातला.

कडकन आवाज झाला. ते चावायला लागले.

मी जागची हलू शकले नाही. कविता उठली. तिने डाव्या हाताने त्यांची हनुवटी धरली, लेकराच्या तोंडातून माती काढतात तसं बोट घालून खडूचे तुकडे काढले, ओढणीच्या टोकाने त्यांचे ओठ पुसले. ते निमूटपणे तोंड उघडून उभे राहिले. "सर, मी येते," ती म्हणाली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. दारात चपला घालताना मला म्हणाली, "पाणी पाज त्यांना. घशात अडकलं असंल." मी उठून पाणी आणेपर्यंत ती गल्लीच्या वळणावर गेली होती.

संध्याकाळी आईने फळ्याखालचे, खिडकीतले, अण्णांच्या शर्टाच्या खिशांतले, असे घरातले सगळे खडू गोळा केले, आणि त्यांचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर, औषधांच्या बाटल्यांमागे ठेवून दिले.